जुळले नाही म्हणून नवे नव्हे

व्हायव्हॅक्स हिवतापातून बरा झालेला रुग्ण दोन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजून तापला, तर त्याची कारणे तीन असू शकतात. पहिल्या उपचारात रक्तातले सगळे परजीवी मेले नसतील आणि उरलेसुरले पुन्हा वाढले असतील. यकृतात दडून बसलेली परजीवींची सुप्त रूपे, म्हणजे हिप्नोझोइट, जागी होऊन रक्तात उतरली असतील आणि ताप उलटला असेल. किंवा रुग्णाला दूषित डास पुन्हा चावला असेल. पहिल्या प्रकारात रक्तातल्या परजीवींवरचे क्लोरोक्विन कमी पडले, दुसऱ्यात यकृतातल्या सुप्त रूपांवरचे प्रायमाक्विन कमी पडले किंवा घेतलेच गेले नाही, तिसऱ्यात डासांचा बंदोबस्त कमी पडला. उपाय तिन्हींचे वेगळे, पण काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात तिन्ही अगदी सारखे दिसतात. म्हणून पीसीआर तंत्र हाताशी आल्यापासून पहिल्या आणि दुसऱ्या तापाच्या रक्तातील परजीवींच्या जनुकीय खुणा ताडून पाहण्याची पद्धत पडली, आणि तिच्याबरोबर एक सुटसुटीत नियमही रूढ झाला: खुणा जुळल्या तर जुनाच ताप, न जुळल्या तर नवा संसर्ग.

हा नियम व्हायव्हॅक्सला लागू पडत नाही. त्याचा पहिला अर्धा भाग निदान अर्धवट तरी खरा आहे, दुसरा अर्धा सरळ चुकीचा आहे. तरीही औषधांच्या चाचण्यांमध्ये खुणा न जुळलेले ताप ‘नवा संसर्ग’ म्हणून अपयशाच्या हिशेबातून वजा करण्याचा मोह सुटत नाही, कारण त्या वजाबाकीने औषधाचा निकाल देखणा होतो.

नियम आला कुठून, हे पाहिले की चूक कुठे झाली ते कळते. तो मुळात फाल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकारासाठी तयार झाला. फाल्सिपेरमला यकृतातले सुप्त रूप नाही. उपचारानंतर ताप परतला तर तो एकतर रक्तात उरलेल्या परजीवींचा किंवा नव्या डासाचा, तिसरी वाट नाही. एमएसपी-१, एमएसपी-२ आणि ग्लर्प ही परजीवीची तीन जनुके कुळागणिक वेगळ्या लांबीची सापडतात, त्यामुळे त्यांच्या लांबीवरून उरलेला कोण आणि नवा कोण हे बऱ्यापैकी सांगता येते. २००७ मध्ये ॲमस्टरडॅमला जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या बैठकीत या पद्धतीला प्रमाणित रूप मिळाले. तिथेही सगळे आलबेल नव्हते. ग्लर्पच्या जागी मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे जनुकसंचातील छोट्या तुकड्यांच्या पुनरावृत्ती, वापराव्यात अशी शिफारस पुढे झाली. पण फाल्सिपेरमपुरता मूळ विचार बरोबर होता. तोच साचा जसाच्या तसा व्हायव्हॅक्सवर बसवला गेला, आणि व्हायव्हॅक्सची यकृतातली सुप्त रूपांची कोठी हिशेबातच धरली गेली नाही.

ही कोठी भरते कशी, यावर सगळे अवलंबून आहे. माणसाच्या रक्तातील परजीवींमध्ये गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यातले नर आणि मादी युग्मक डासाच्या पोटात एकत्र येतात, युग्मनज तयार होतो, आणि लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन आईबापांची जनुके नव्याने वाटली जातात. पोटाच्या भिंतीवर वाढणाऱ्या ऊसिस्टमधून हजारो स्पोरोझोइट बाहेर पडून लालाग्रंथीत जातात. डासाने शोषलेल्या रक्तात एकाच कुळाचे परजीवी असतील, तर सगळे स्पोरोझोइट एकसारखे निघतात. पण त्या रक्तात दोन-तीन कुळे असतील, आणि दाट प्रसाराच्या भागात ती असतातच, तर स्पोरोझोइटांमध्ये जुळी, भावंडे, सावत्र भावंडे असा सगळा गोतावळा तयार होतो. हा गोतावळा एकाच चाव्यातून माणसाच्या यकृतात उतरतो. त्यातले काही लगेच वाढून पंधरवड्यात पहिला ताप आणतात, काही झोपून राहतात. पहिला ताप एका भावाने आणला आणि तीन महिन्यांनी दुसरा भाऊ जागा झाला, तर दोघांच्या खुणा पूर्ण जुळतील अशी अपेक्षा कोणत्या तर्काने धरायची?

इथे थोडे गणित करणे भाग आहे. समजा, दोन वेगळ्या कुळांच्या परजीवींपासून निरनिराळ्या युग्मनजांतून जन्मलेली दोन भावंडे आहेत आणि तपासलेल्या प्रत्येक खुणेवर त्यांचे आईबाप एकमेकांहून वेगळे आहेत. मग कोणत्याही एका खुणेवर ही भावंडे जुळण्याची शक्यता निम्मी. तीन खुणा तपासल्या, तर तिन्ही जुळण्याची शक्यता आठात एक. म्हणजे भावंडामुळे उलटलेल्या आठ तापांपैकी सात ‘नवा संसर्ग’ ठरतील. तपासणी अधिक काटेकोर करावी म्हणून प्रयोगशाळेने एकमेकींपासून दूर असलेल्या नऊ खुणा घेतल्या, तर सगळ्या जुळण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. सामान्यतः जास्त पुरावा गोळा केला की चूक कमी होते. इथे उलटे आहे: ‘सर्व खुणा जुळल्याच पाहिजेत’ हा नियम कायम ठेवून जितक्या जास्त खुणा तपासाव्यात, तितकी चूक पक्की होत जाते. भरीस आणखी पैसे खर्च होतात, ते वेगळेच.

नऊ खुणांचा तक्ता प्रत्यक्ष समोर असेल तर काय दिसते? पहिल्या तापाच्या ओळीत प्रत्येक खुणेसमोर तुकड्याची लांबी लिहिलेली असते, दुसऱ्या तापाच्या ओळीतही तसेच. पाच रकाने जुळतात, चार जुळत नाहीत. एका रकान्यात पहिल्या वेळी यंत्राच्या आलेखावर एकच टोक होते, आता दोन आहेत, आणि त्यातले बुटके टोक जुन्याशी जुळते. जुन्या नियमाप्रमाणे हा निकाल ‘नवा संसर्ग’. पण त्या रुग्णाच्या भागात अनोळखी परजीवी सहसा एक-दोनच खुणांवर योगायोगाने जुळत असतील, तर पाच जुळणे हा नात्याचा भक्कम पुरावा आहे. तक्ता ‘हे भावंड दिसते’ असे सांगत असतो आणि नियम ‘हा परका आहे’ असे लिहून मोकळा होतो.

भावंडांची गोष्ट केवळ कागदावरची नाही. २०१४ मध्ये एकाच रुग्णाच्या वारंवार आलेल्या व्हायव्हॅक्स तापांमधील परजीवींचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा उलटलेल्या तापांतले परजीवी एकमेकांची भावंडे निघाली. त्याआधी २००७ मध्ये थायलंड, म्यानमार आणि भारतातील रुग्णांच्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासाने तर याहून पुढचा निष्कर्ष काढला होता: उलटलेला ताप बहुतेक वेळा पहिल्या तापाहून वेगळ्या जनुकीय घडणीच्या परजीवींचाच असतो. याच संशोधकांच्या गटाने २०१२ मध्ये थायलंड-म्यानमार सीमेवरच्या तान्ह्या मुलांकडे पाहिले, आणि तिथे चित्र उलटे होते. आयुष्यातला पहिलाच ताप उलटला की दोन्ही वेळचे परजीवी बहुधा सारखे निघत. वरवर पाहता विसंगत वाटणारे हे दोन निष्कर्ष एकमेकांना आधार देतात. तान्ह्या मुलाच्या यकृतात जुना साठा नसतो, जे काही आहे ते एका-दोन चाव्यांचे. मोठ्या माणसाच्या यकृतात मात्र गेल्या वर्षीच्या आणि त्याआधीच्या चाव्यांचीही सुप्त रूपे शिल्लक असू शकतात, आणि पहिला ताप आणणाऱ्या परजीवीशी त्यांचे कसलेही नाते नसते.

या जुन्या साठ्याचा सर्वांत बोलका पुरावा जनुकशास्त्राच्या आधीचा आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बँकॉकमध्ये फाल्सिपेरमसाठी उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांना नंतर व्हायव्हॅक्सचा ताप आला. बँकॉक शहरात हिवतापाचा प्रसार नाही, त्यामुळे तिथे नवा डास चावण्याचा प्रश्नच नव्हता. परजीवी आधीपासून यकृतात होते, फाल्सिपेरमच्या आजारपणात किंवा त्यानंतर ते जागे झाले. या रुग्णांच्या बाबतीत ताडून पाहायला ‘पहिला व्हायव्हॅक्स नमुना’ मुळात नव्हताच. खुणा जुळवण्याच्या पद्धतीची मर्यादा इथे स्पष्ट होते. ती रक्ताची रक्ताशी तुलना करते, आणि यकृताच्या कोठीत काय आहे याचा नमुना कोणी कधीच घेतलेला नसतो.

नियमाचा पहिला अर्धा भागही, म्हणजे ‘जुळले तर जुना’, निर्विवाद नाही. पूर्ण जुळणी दोन प्रकारे फसवते. पहिले म्हणजे, रक्तात उरलेल्या परजीवीची आणि यकृतातून आलेल्या जुळ्याची खूण एकच. त्यामुळे क्लोरोक्विन हरले की प्रायमाक्विन, हे जुळणी सांगू शकत नाही. दुसरे म्हणजे, जिथे हिवताप जवळजवळ संपत आला आहे तिथे उरलेले परजीवी एकाच कुळाचे असू लागतात. पनामामध्ये व्हायव्हॅक्सचा एक जवळजवळ एकसारखा वंश दशकभराहून जास्त काळ टिकून फिरत असल्याचे जनुकसंचाच्या अभ्यासांनी दाखवले आहे. अशा ठिकाणी दोन शेजाऱ्यांचे नमुनेदेखील जुळतील, मग एकाच माणसाला दोनदा वेगवेगळे डास चावले तरी जुळतीलच. म्हणजे दाट प्रसारात न जुळणे फसवते आणि विरळ प्रसारात जुळणे फसवते. नियम नेमका कुठे खरा ठरतो, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारच अरुंद निघते.

यावर एक प्रत्युत्तर नेहमी ऐकू येते: तंत्रज्ञान सुधारू द्या. तीन खुणांऐवजी शंभर खुणा तपासा, संपूर्ण जनुकसंच वाचा, मग सगळे स्पष्ट होईल. यात तथ्य नाही असे नाही. मायक्रोहॅप्लोटाइप म्हणजे जवळजवळच्या बदलांचे जोडगट वाचणारे नवे संच भावंड आणि परके यांत फरक करण्यात जुन्या खुणांपेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि कमी परजीवी असलेल्या वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरही काम करू शकतात. पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो नात्याचा आहे, यकृताचा नाही. गेल्या पावसाळ्यात चावलेल्या डासाने सोडलेले आणि आज जागे झालेले सुप्त रूप घ्या, आणि परवाच्या डासाने सोडलेला परजीवी घ्या. दोन्ही पहिल्या तापाच्या परजीवीला सारखेच परके. व्हायव्हॅक्सची चौदाही गुणसूत्रे शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली तरी त्या अक्षरांत परजीवी यकृतात किती दिवस होता याची नोंद सापडणार नाही. ही मर्यादा यंत्राची असती तर यंत्र बदलून गेली असती. ती परजीवीच्या जीवनचक्रातली आहे.

दुसरे टोकही तितकेच चुकीचे. काही जण म्हणतात, जनुकीय खुणांनी नक्की काही कळतच नसेल तर ही तपासणी फुकटचा खर्च आहे, ती बंद करावी. हे म्हणणे २०१९ मधील एका अभ्यासापुढे टिकत नाही. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या १,२९९ रुग्णांमधील १,४४१ परतलेल्या तापांचा एकत्र विचार करताना संशोधकांनी प्रत्येक तापाला ‘नवा’ किंवा ‘जुना’ असा शिक्का मारला नाही. परजीवींचे वंशनाते किती जवळचे आहे आणि ताप किती दिवसांनी परतला, या दोन्हींची सांगड घालून प्रत्येक तापासाठी तिन्ही कारणांच्या शक्यता काढल्या. निष्कर्ष असा: प्रायमाक्विन न घेणाऱ्या चारांपैकी तिघांचा ताप उलटतो, आणि देखरेखीखाली जास्त मात्रेचे प्रायमाक्विन घेणाऱ्या चाळिसांपैकी एकाचाच. त्या भागात हे औषध अपयशी ठरण्याचे प्रमाण सुमारे तीन टक्के निघाले, आधीच्या अंदाजांपेक्षा बरेच कमी. म्हणजे नीट वापरलेल्या जनुकीय खुणांनी इथे प्रायमाक्विनवरचा एक अन्याय दूर केला, आणि त्यासाठी एकही ताप डोळे झाकून वजा करावा लागला नाही.

त्या अभ्यासात काळाला जे महत्त्व मिळाले, ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. उष्ण कटिबंधातील व्हायव्हॅक्स लवकर उलटते, शरीरातून झटपट निघून जाणाऱ्या औषधाने उपचार केला तर तीनेक आठवड्यांत. क्लोरोक्विन रक्तात हळूहळू कमी होत जाते, म्हणून त्याच्या छायेत हा ताप आणखी काही आठवडे पुढे ढकलला जातो आणि मग एकदम वर येतो. समशीतोष्ण प्रदेशातील जाती आठ-नऊ महिने झोपतात. कोलकात्यातील रुग्णांच्या परजीवींचा अभ्यास झाला तेव्हा तिथे दोन्ही प्रकार एकत्र दिसले, लवकर उलटणारे आणि उशिरा उलटणारे. म्हणून एका शहराचे वेळापत्रक दुसऱ्या शहराला लावता येत नाही. थायलंडमध्ये तयार केलेले गणितही भारतात जसेच्या तसे चालणार नाही. जनुकीय खुणांच्या तक्त्याशेजारी स्थानिक कालक्रमाचा तक्ता नसेल, तर तो निकाल अपुरा समजावा.

काळाचा एक वापर तर जनुकशास्त्राशिवायही होतो. क्लोरोक्विन घेतल्यावर अठ्ठावीस दिवसांच्या आत परजीवी परतले, आणि त्या वेळी रक्तात औषध दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमहून जास्त असेल, तर तो परजीवी कुठून आला याला महत्त्व उरत नाही. उरलेला असो, यकृतातला असो की नव्या डासाचा, पुरेशा औषधात तो वाढतो आहे, म्हणजे त्याला औषध बाधत नाही. खुणा जुळवण्याचा खटाटोप इथे अनावश्यकच.

पण औषधांच्या परीक्षेसाठी सर्वांत बळकट पद्धत आहे ती गटांची तुलना. पापुआ न्यू गिनीमध्ये पाच ते दहा वर्षांच्या ५२४ मुलांवर झालेल्या चाचणीत सर्वांचे रक्त आधी औषधांनी स्वच्छ केले, मग एका गटाला प्रायमाक्विन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली. २०१५ मध्ये निकाल आला: त्या मुलांतील दर पाच व्हायव्हॅक्स संसर्गांपैकी सुमारे चार यकृतातून उलटलेले होते. तो आकडा काढायला प्रत्येक मुलाची जनुकीय जुळवाजुळव करावी लागली नाही, कारण दोन्ही गट त्याच गावांत, त्याच डासांमध्ये राहत होते. गटागटात जो फरक पडला तो प्रायमाक्विनचा, म्हणजेच यकृताचा.

महाराष्ट्रालाही हा धडा मिळालेला आहे. भारतात अनेक वर्षे प्रायमाक्विन पाच दिवस दिले जाई. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९९ मध्ये पाच दिवसांच्या आणि चौदा दिवसांच्या उपचाराची तुलना प्रसिद्ध केली, आणि ताप उलटणे थांबवण्यात पाच दिवसांचा उपचार अपुरा असल्याचे दिसले. मुंबईत हिवताप चालूच होता, त्यामुळे ‘हे परतलेले ताप नव्या डासांचे असतील’ असा आक्षेप घेणे सोपे होते. पण डासाला समोरचा माणूस पाच दिवस गोळ्या घेतो की चौदा दिवस, हे कळत नाही. नवे संसर्ग दोन्ही गटांत सारखेच पडणार, उरलेला फरक उपचाराचाच. पुढे देशाचे धोरण चौदा दिवसांचे झाले. ‘न जुळले ते नवे’ या नियमाने त्या वेळी काम केले असते, तर पाच दिवसांच्या गटातील कितीतरी उलटलेले ताप डासांच्या माथी मारले गेले असते आणि अपुरा उपचार आणखी काही वर्षे टिकला असता.

सार्वजनिक आरोग्याच्या रोजच्या कामात या चुकीचे परिणाम वेगळे, पण तितकेच महागडे. परतलेला प्रत्येक ताप नवा धरला की आरोग्य खात्याची फवारणीची गाडी रुग्णाच्या गल्लीत जाते, आणि रुग्णाच्या घरी चौदापैकी सहा गोळ्या शिल्लक आहेत का, हे विचारायला कोणी जात नाही. प्रत्येक ताप जुना धरला की रुग्णालाच निष्काळजी ठरवून डबक्यांकडे डोळेझाक होते. शिवाय जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्या माणसात प्रायमाक्विनमुळे तांबड्या पेशी फुटतात. म्हणून ‘शंका आहे, पुन्हा प्रायमाक्विन द्या’ हा सल्लाही तपासणीशिवाय सरसकट देता येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन एकाच मात्रेत काम करते, पण तो धोका त्यातही आहे, आणि एकदा दिलेले ते दीर्घकाळ शरीरात राहत असल्याने मध्येच थांबवताही येत नाही.

या सगळ्यात आणखी एक गुंता आहे, त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. इंडोनेशियाच्या पापुआमध्ये लक्षणे नसलेल्या लोकांच्या काढलेल्या प्लीहांत, वाहत्या रक्ताच्या तुलनेत प्रचंड संख्येने व्हायव्हॅक्स परजीवी साठलेले सापडले. प्लीहेतून पुन्हा रक्तात आलेला परजीवी ‘उरलेला’ म्हणायचा की ‘उलटलेला’? तीन खान्यांची जुनी विभागणीच इथे अपुरी पडते, आणि जनुकीय खूण तर या दोहोंत काहीच फरक करू शकत नाही.

तेव्हा व्हायव्हॅक्सवरील औषधाचा निकाल छापताना परतलेल्या सर्व तापांचा मूळ आकडा आधी द्यावा, प्रत्येक गटाचा वेगळा, आणि ताप किती दिवसांनी परतला त्यासह. जनुकीय विश्लेषण केले असेल तर त्यातून निघालेल्या शक्यता त्यानंतर द्याव्यात, आणि त्या काढताना स्थानिक परजीवींमध्ये अनोळखी नमुने योगायोगाने किती जुळतात हे आधी मोजलेले असावे. ‘खुणा न जुळलेले वगळून’ काढलेला यशाचा टक्का संपादकांनी स्वीकारू नये आणि औषधे ठरवणाऱ्या समित्यांनी धोरणासाठी वापरू नये. जिवंत माणसाच्या यकृतात किती सुप्त रूपे आहेत हे मोजणारी कोणतीही तपासणी आजवर उपलब्ध नाही.